स्कडर घराणे : चार पिढ्यांचे सेवाव्रत

घर, जमीन आणि दागदागिने यांची वाटणी करता येते. बाप निवर्तला म्हणजे मुलाचे नाव कागदोपत्री चढते आणि बोटही न उचलता तो त्या मालमत्तेचा धनी होतो. श्रद्धा, दया व त्याग यांची गोष्ट निराळी आहे. त्यांची नोंद कोणत्याही कचेरीत होत नाही आणि त्यांचा वारसा सांगण्यास कोणी न्यायालयातही जात नाही. लोकांच्या म्हणीही या बाबतीत एकमेकींशी भांडतात. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, दिव्याखाली अंधार. थोर पुरुषाच्या पोटी थोर पुत्र निपजल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. परंतु संताच्या घरी कुलदीपकाऐवजी कुलांगार जन्मल्याचीही उदाहरणे थोडी नाहीत. तेव्हा धर्माने शिकविलेली मूल्ये एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जातात ती रक्ताने, शिकवणीने, की आणखी कशाने, हा प्रश्न केवळ एका धर्माचा नसून प्रत्येक घराचा आहे. दक्षिण हिंदुस्थानात शंभरांहून अधिक वर्षे रुग्णसेवा करणाऱ्या स्कडर नामक अमेरिकन ख्रिस्ती घराण्याचा इतिहास या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकतो.

या इतिहासाचा उगम शोधू गेल्यास तो काहीसा अनपेक्षितपणे मुंबईस सापडतो. सन १८१३ मध्ये गॉर्डन हॉल हा तरुण अमेरिकन मिशनरी आपल्या सोबत्यासह मुंबईत उतरला. कंपनी सरकारास हे पाहुणे नको होते. परत जाण्याचे हुकूमही सुटले होते. तथापि ते टिकून राहिले, मराठी शिकले आणि मराठीतून शाळा व उपदेश चालवू लागले. पुढे सॅम्युएल न्यूएल हा त्यांस येऊन मिळाला. हॉल व न्यूएल या दोघांनी मुंबईत बसून एक छोटे पुस्तक लिहिले व ते १८१८ मध्ये अमेरिकेत छापले गेले. जगातील साठ कोटी माणसांपर्यंत ख्रिस्ताचा संदेश पोहोचविण्याचे काम अमेरिकेतील मंडळ्यांच्या शिरावर आहे आणि ते अंगावर घेणारी माणसे हवी आहेत, असा त्याचा आशय होता. या दोघांसही पुढे पटकीने गाठले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत वारला. हॉल १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरकडील प्रवासातून परतताना वाटेतच मरण पावला. लेखक गेले, परंतु त्यांचे पुस्तक अमेरिकेत हातोहात फिरत राहिले.

न्यूयॉर्क शहरात त्या वेळी जॉन स्कडर नावाचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांचा जन्म १७९३ मध्ये न्यू जर्सी प्रांतात झाला होता. वैद्यकाचे शिक्षण पुरे करून त्यांनी न्यूयॉर्कमध्ये चांगला जम बसविला होता. हॅरिएट वॉटरबरी या सुशील स्त्रीशी विवाह झाला होता. घरात एक लहान मुलगी होती. पुढील आयुष्य सुखाचे जाणार याविषयी कोणासही संशय नव्हता. एके दिवशी ते एका आजारी बाईस तपासावयास गेले असता बाहेरच्या खोलीत त्यांना हॉल व न्यूएल यांचे ते पुस्तक पडलेले दिसले. त्यांनी ते मागून घेतले, घरी नेऊन वाचले आणि वाचून झाल्यावर पत्नीपुढे ठेवले. दोघांनी प्रार्थनापूर्वक विचार केला. निर्णय असा झाला की, चालता धंदा सोडून पूर्वेकडे जावयाचे. डॉक्टरांच्या वडिलांना हे मुळीच रुचले नाही. बापलेकांत त्यामुळे दुरावा आला. म्हणजे ज्या घराण्यास पुढे सेवेची परंपरा म्हणून नावाजले गेले, त्याचा आरंभच मुळी वडिलांच्या इच्छेविरुद्ध झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सन १८१९ च्या जून महिन्यात ‘इंडस’ या शिडाच्या जहाजाने हे कुटुंब बोस्टनहून निघाले. कित्येक महिन्यांच्या प्रवासानंतर जहाज कलकत्त्यास लागले आणि तेथेच त्यांची लहानगी मुलगी दगावली. ज्या भूमीची सेवा करावयास निघालो, तिने पाऊल ठेवताच पोटचे मूल मागून घेतले, असे त्या मातेस वाटले असल्यास नवल नाही. परंतु ती मागे फिरली नाही. वर्षाअखेर दोघे सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, उत्तरेकडील जाफना प्रांतात पोहोचली. अमेरिकेतून परदेशी गेलेले पहिले वैद्यकीय मिशनरी म्हणून जॉन स्कडर यांचे नाव घेतले जाते. पंडितेरिप्पु या गावी त्यांनी दवाखाना, शाळा व उपदेश अशी तिन्ही कामे आरंभिली. सन १८३६ मध्ये तमिळ छापखान्याच्या कामासाठी ते मद्रासेस, म्हणजे आजच्या चेन्नईस, आले आणि तेव्हापासून या घराण्याचे नाते भारताशी जडले ते कायमचे.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. जॉन स्कडर यांच्या दृष्टीने औषध हे साधन होते आणि धर्मोपदेश हे साध्य होते. रोगी दवाखान्यात आला म्हणजे त्यास धर्मवचने ऐकविली जात. रोगपीडित माणसाच्या असहायतेचा असा उपयोग करणे उचित नव्हे, असा आक्षेप या देशातील अनेक विचारवंतांनी पुढे घेतला. महात्मा गांधींनीही तो निःसंदिग्ध शब्दांत मांडला. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. स्कडर घराण्याचा इतिहास वाचताना हा धागा सोडता कामा नये. कारण पहिल्या पिढीचा सेवेकडे पाहण्याचा दृष्टिकोन आणि तिसऱ्या पिढीचा दृष्टिकोन यांत जो फरक पडला, त्यातच या वारशाचे मर्म आहे.

मुलांवर संस्कार करण्याचे काम मुख्यत्वे हॅरिएटबाईंनी केले. अनेक अपत्ये बालपणीच गेली. जी जगली त्यांपैकी प्रत्येकाचा जन्मदिवस ती माउली उपवास व प्रार्थना करून पाळीत असे, असे सांगतात. वडील मुलास हेन्री मार्टिन हे नाव ठेवले, ते हिंदुस्थान व इराण या देशांत काम करून ऐन तारुण्यात निवर्तलेल्या एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या स्मरणार्थ होते. आपल्याकडे देवादिकांची नावे मुलांस ठेवतात, त्यामागील भावना यापेक्षा निराळी नाही. नाव हाक मारण्यापुरते नसून ते एक प्रकारची आठवण असते. मात्र या मुलांच्या बालपणास दुसरीही बाजू होती. शिक्षणासाठी त्यांना कोवळ्या वयात अमेरिकेस नातलगांकडे पाठवावे लागे. त्या काळी पत्र पोहोचण्यास महिनेच्या महिने लागत. आईबापांनी त्याग केला खरा, परंतु त्याची किंमत मुलांनीही मोजली, आणि त्यांना तसे विचारून कोणी घेतले नव्हते. हॅरिएटबाई १८४९ मध्ये मद्रासेस वारल्या. डॉक्टर स्कडर प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकास गेले होते. तेथेच १८५५ मध्ये त्यांचा अंत झाला.

दुसऱ्या पिढीत या घराण्यातील सात मुलगे मिशनरी होऊन भारतात परतले. हेन्री मार्टिन प्रथम आला. मद्रासेस राहून त्याने वैद्यकाचेही शिक्षण घेतले आणि अर्काट प्रांत हे आपले क्षेत्र निवडले. अर्काट, वेल्लोर, जिंजी ही नावे मराठी माणसास परकी नाहीत. शिवाजी महाराजांच्या दक्षिणदिग्विजयात वेल्लोरचा बळकट किल्ला १६७८ मध्ये मराठ्यांच्या हाती आला होता आणि राजाराम महाराजांनी जिंजीच्या आश्रयाने मराठी राज्य जिवंत ठेवले होते. याच मुलखात १८५३ मध्ये हेन्री, विल्यम व जोसेफ या तीन भावांनी अर्काट मिशनची रीतसर स्थापना केली. पुढे आणखी भाऊ येऊन मिळाले. इंग्रजी शाळा काढण्यापेक्षा खेडोपाडी जाऊन लोकांशी त्यांच्या तमिळ भाषेत बोलावे, असा या भावांचा आग्रह होता. त्यांच्यापैकी सायलस हा डॉक्टर होता. त्याने १८६६ मध्ये राणीपेठ येथे रुग्णालय उघडले.

तथापि सात भाऊ आले एवढ्यावरून हा सर्व प्रवास सरळ रेषेत झाला असे मानू नये. हेन्री मार्टिन १८६४ मध्ये अमेरिकेस परतला व तेथील मंडळ्यांत उपदेशक झाला. सायलस याची प्रकृती ढासळली व १८७७ मध्ये तोही अमेरिकेत मरण पावला. कोणी दीर्घकाळ टिकले, कोणी अर्ध्यावर थांबले. भावांमध्ये धाकटे जॉन हे डॉक्टर होते व पत्नी सोफियासह १८६१ मध्ये भारतात आले होते. त्यांना पाच मुलगे आणि शेवटची एक मुलगी झाली. ही मुलगी म्हणजेच ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेठ येथे जन्मलेली आयडा.

आयडा सहा-सात वर्षांची असताना १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ पडला. मुंबई इलाख्यातील दख्खनचा मुलूख ज्या दुष्काळाने होरपळला, त्यानेच मद्रास इलाख्यात लक्षावधी माणसे खाल्ली. स्कडर यांच्या आवारात भुकेल्या मुलांना भाकर वाटली जाई. काही मुले इतकी क्षीण झाली होती की, हातात दिलेला तुकडा तोंडापर्यंत नेण्याचेही त्राण त्यांच्यात नव्हते. चिमुकली आयडा त्या तुकड्यांचे बारीक घास करून त्यांच्या तोंडात घालीत असे. आईबापांनी मुलीला अशा दृश्यापासून दूर ठेवले नाही, उलट तिच्या हाती भाकर दिली. संस्कार म्हणजे काय याचे याहून बोलके उदाहरण क्वचित मिळेल. परंतु संस्काराचे फळ नेहमी अपेक्षेप्रमाणे येत नाही. त्या दुष्काळाची आठवण आयडाच्या मनात राहिली ती दयेपेक्षा भीतीच्या रूपाने. हा देश उष्ण, दरिद्री आणि मरणाने भरलेला आहे, अशी तिची समजूत झाली.

पुढे कुटुंब अमेरिकेस गेले. काही वर्षांनी वडील भारतात परतले आणि १८८३ च्या सुमारास आईही त्यांच्यामागे निघाली. मुलगी शिकागोस हेन्री मार्टिन काकांकडे राहिली. आई निघून गेली त्या रात्री ती आईच्या उशीत तोंड खुपसून रडत बसली होती, असे ती पुढे सांगत असे. ज्या सेवेने आई हिरावून नेली, त्या सेवेविषयी मुलीच्या मनात प्रेम कोठून उपजावे? मॅसॅच्युसेट्स प्रांतातील नॉर्थफील्ड येथील ख्रिस्ती कन्याशाळेत ती शिकू लागली. ती आनंदी, हुशार व बोलकी होती. मैत्रिणींत लोकप्रिय होती. सर्व स्कडर मिशनरी होतात, तशी तूही होशील, असे कोणी म्हटले की ती ठासून सांगे, मी होणार नाही. अमेरिकेत राहावे, लग्न करावे, सुखाने संसार करावा, असा तिचा बेत होता. हा बेत काही पापाचा नव्हता. परंपरेचे ओझे तिला वाहावयाचे नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

सन १८९० मध्ये आई आजारी असल्याचे कळल्यामुळे आयडा काही दिवसांकरिता म्हणून भारतात आली. वडील त्या वेळी टिंडिवनम येथे होते. जिंजीच्या किल्ल्यापासून हे गाव फार दूर नाही. या मुक्कामात एका रात्री घडलेली हकीकत आयडाबाईंनी पुढे जन्मभर अनेकदा सांगितली. रात्री ती वाचीत बसली असता दारात एक तरुण ब्राह्मण येऊन उभा राहिला. त्याची पत्नी बाळंतपणात अडली होती. आयडाने सांगितले की, आपण डॉक्टर नाही; डॉक्टर आपले वडील आहेत, ते तत्काळ येतील. त्याने उत्तर दिले की, परपुरुषाने पत्नीस पाहावे हे त्याच्या आचारात बसत नाही. त्यापेक्षा ती मेलेली बरी. तो खिन्न होऊन निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ त्याच कारणासाठी आला आणि तेच बोलून परतला. त्यानंतर तिसरा मनुष्य आला, तोही उच्च जातीचा हिंदू होता. त्याचीही अडचण तीच आणि उत्तरही तेच. आयडास रात्रभर झोप लागली नाही. पहाटे गावातून प्रेतयात्रेच्या वाद्यांचा आवाज आला. चौकशीस माणूस पाठविला तेव्हा कळले की, तिन्ही स्त्रिया मरण पावल्या.

या प्रसंगाचा अर्थ केवळ चमत्कार म्हणून लावणे योग्य होणार नाही. तीन धर्मांच्या वा जातींच्या तीन घरांतील रूढी त्या रात्री आपापल्या स्त्रियांचा बळी घेऊन गेल्या. त्याला उपाय उपदेशाचा नव्हता, दोषारोपाचाही नव्हता. स्त्री-डॉक्टर हाच एक उपाय होता. वडील शेजारच्या खोलीत असून निरुपयोगी ठरले आणि मुलगी समोर असून अजाण ठरली. घराण्याची सत्तर वर्षांची पुण्याई त्या रात्री एका स्त्रीचाही प्राण वाचवू शकली नाही. आयडाच्या ध्यानात आले की, आजोबांचा त्याग आजोबांपाशी राहिला, वडिलांचा वडिलांपाशी. आपल्या वाट्याचे काम आपण शिकल्यावाचून कोणी करणार नाही. सकाळी तिने आईवडिलांना सांगितले की, आपण अमेरिकेस जाऊन डॉक्टर होऊन परत येऊ. तिच्यावर कोणी सक्ती केलेली नव्हती. वडिलांचा उपदेशही त्या रात्री झाला नव्हता.

सन १८९५ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिने प्रवेश घेतला. कॉर्नेल विद्यापीठाचे वैद्यकीय शिक्षण स्त्रियांस खुले होताच ती तेथे गेली व १८९९ मध्ये पदवीधर झाली. वेल्लोर येथे स्त्रियांसाठी रुग्णालय बांधण्याकरिता पैसा जमविण्याचे काम तिच्याकडे आले. शेल नावाच्या एका न्यूयॉर्कच्या पेढीवाल्या गृहस्थाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले. सन १९०० च्या आरंभी डॉक्टर आयडाबाई भारतात पोहोचल्या. वडिलांच्या हाताखाली काही वर्षे अनुभव घ्यावा असा त्यांचा मानस होता. परंतु थोड्याच महिन्यांत वडील निवर्तले. आई सोफिया त्यांच्याजवळ राहिल्या. शिकविणारा हात गेला आणि नवशिक्या डॉक्टरीणबाई एकट्या उरल्या.

वेल्लोरच्या बंगल्यातील एक लहानशी खोली हाच त्यांचा पहिला दवाखाना झाला. आरंभी रोगी फिरकत नसत. बाई काय डॉक्टर होणार, ही शंका पुरुषांस होती तशी बायकांसही होती. घरच्या आचाऱ्याची पत्नी सलोमी हिला त्यांनी हाताशी घेतले व शिकवून तयार केले. हळूहळू गर्दी वाढली. दोन वर्षांत हजारो रोग्यांवर उपचार झाले. सन १९०२ मध्ये चाळीस खाटांचे मेरी टेबर शेल रुग्णालय उघडले. ज्यांना रुग्णालयापर्यंत येता येत नव्हते, त्यांच्यासाठी आयडाबाई आठवड्यातून एक दिवस गुडियात्तमच्या रस्त्याने औषधपेटी घेऊन जात. ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबे आणि भोवती आंधळे, खरूज झालेले, कुष्ठरोगी, तान्ही मुले घेतलेल्या आया, असा मेळा जमे. आरंभी बैलगाडी होती. १९०९ च्या सुमारास एक लहानशी मोटार आली. बिनबैलांची गाडी पाहून खेडूत घाबरून पळाले, परंतु औषध मिळते असे कळताच परत आले. रस्त्याकडेच्या या दवाखान्यात जात विचारली जात नसे आणि धर्मही विचारला जात नसे.

परंतु एकट्या डॉक्टराने किती रोगी पाहावे? आयडाबाईंच्या ध्यानात लवकरच आले की, एक स्कडर गेली की दुसरी स्कडर येईल, या भरवशावर कोट्यवधी स्त्रियांचे आरोग्य सोपविता येणार नाही. या देशातील मुलींनाच डॉक्टर केले पाहिजे. सन १९०९ मध्ये परिचारिकांची शाळा निघाली. त्यानंतर स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेचा प्रश्न आला. सरकारी वैद्यकीय खात्याच्या प्रमुखांस ही कल्पना अव्यवहार्य वाटली. तीन मुलींचे जरी अर्ज आले तरी पुष्कळ झाले, असा त्यांचा सूर होता. प्रत्यक्षात दीडशेवर अर्ज आले. त्यांतून १७ मुली निवडून १२ ऑगस्ट १९१८ रोजी शाळा सुरू झाली. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड उद्घाटनास होते. इमारत अपुरी, पुस्तके मोजकी, उपकरणे थोडी, शिकविणारी माणसे त्याहून थोडी. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत इलाख्यातील पुरुष उमेदवारांपैकी फार थोडे उत्तीर्ण झाले. वेल्लोरहून बसलेल्या मुली मात्र सर्व उत्तीर्ण झाल्या. सन १९२२ मध्ये पहिल्या १४ मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

येथे या घराण्याच्या वारशाने खरे वळण घेतले. आजोबांनी विचारले होते की, आपल्या मुलांपैकी किती जण या कामास येतील. नातीने विचारले की, या देशाच्या मुलींपैकी किती जणी हे काम हाती घेतील. वारसा रक्ताच्या नात्यातून बाहेर पडला. आयडाबाई अविवाहित राहिल्या. परंतु वेल्लोरहून शिकून गेलेल्या मुली त्यांना आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांप्रमाणे मानीत. रुग्णालयात प्रार्थना होत असे व आजही होते; संस्थेचे ब्रीद, सेवा करून घेण्यासाठी नव्हे तर सेवा करण्यासाठी, या ख्रिस्तवचनाच्या अर्थाचेच आहे. परंतु रोग्याची वेदना हीच त्यास आत घेण्याची पुरेशी शिफारस ठरली. आजोबांच्या काळी साधन मानलेली सेवा नातीच्या काळी स्वतःच साक्ष बनली. मूळ श्रद्धा सुटली नाही. तिचे आचरण मात्र पालटले.

यापुढील कसोटी अधिक कठीण होती. सन १९३८ मध्ये मद्रास सरकारने ठरविले की, दुय्यम दर्जाचा वैद्यकीय अभ्यासक्रम बंद करावा. यापुढे डॉक्टरांनी विद्यापीठाचीच पदवी घ्यावी. वेल्लोरची शाळा या नियमात बसत नव्हती. विद्यापीठाशी जोडून घ्यावयाचे तर अधिक खाटा, उच्च पदव्यांचे प्राध्यापक आणि पुष्कळ पैसा हवा. नाही तर शाळा बंद करावी लागणार. आयडाबाई त्या वेळी सत्तरीच्या घरात होत्या. ऐन युद्धकाळात त्या अमेरिकेत गावोगाव हिंडून निधी जमवू लागल्या. अशा वेळी एक सूचना पुढे आली. संस्था मुलांनाही खुली केली तर अन्य ख्रिस्ती मंडळ्यांचे सहकार्य मिळेल आणि ती वाचेल. आयडाबाईंनी स्त्रियांसाठी म्हणून जे उभारले, जे स्त्रियांनीच पै-पै जमवून पोसले, त्यात पुरुषांस घेणे म्हणजे दात्या स्त्रियांचा विश्वासघात होय, असे त्यांच्या काही जुन्या सहकारी स्त्रियांस वाटले. वर्षानुवर्षांच्या मैत्रीत त्यामुळे अंतर पडले. हा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. आयडाबाईंनाही निर्णय सोपा गेला नाही. परंतु स्वतःची मूळ कल्पना जपण्यापेक्षा काम जगविणे त्यांनी श्रेयस्कर मानले. सन १९४२ मध्ये पदवीच्या अभ्यासक्रमास मान्यता मिळाली आणि १९४७ मध्ये मुलग्यांस प्रवेश सुरू झाला. त्याच सुमारास आयडाबाई निवृत्त झाल्या आणि सूत्रे डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय स्त्री-डॉक्टरांकडे गेली. देश स्वतंत्र होत असताना संस्थाही भारतीय हातांत आली, हा योग अर्थपूर्ण होता.

स्वतः उभारलेल्या घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे हे भल्याभल्यांस जमत नाही. संस्था काढणारे पुष्कळ. ती आपल्या पश्चात आपल्याच गोतावळ्यात राहावी असे न वाटणारे विरळा. आयडाबाईंची पुतणी, जिचे नावही आयडाच होते, वेल्लोरच्या क्ष-किरण विभागात काम करीत होती. घराण्यातील अन्य डॉक्टर राणीपेठेस व दूर कुवेतमध्येही रुग्णसेवा करीत होते. चार पिढ्यांत या घराण्यातील चाळीसांहून अधिक माणसांनी मिळून एक हजाराहून अधिक वर्षे अशी सेवा केली, असा हिशेब सांगितला जातो. परंतु वेल्लोर ही कोणा स्कडरची गादी झाली नाही. मे १९६० मध्ये, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, कोडाईकनाल येथे आयडाबाई निवर्तल्या, तेव्हा संस्थेचे काम एक दिवसही अडले नाही. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया करून ती पुन्हा कामास लावण्याचे प्रयोग १९४० नंतरच्या दशकात तेथेच डॉ. पॉल ब्रँड यांनी केले आणि १९७१ मध्ये भारतातील पहिले यशस्वी मूत्रपिंडरोपणही तेथेच झाले. हे करणाऱ्यांपैकी कोणाच्याही नावापुढे स्कडर हे आडनाव नव्हते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मूल्ये रक्ताने गेली असती तर आयडास नकार देण्याचे कारणच पडले नसते. केवळ उपदेशाने गेली असती तर उपदेशकांच्या घरातील प्रत्येक मूल साधू झाले असते. या घराण्याचा इतिहास निराळेच सांगतो. वडीलधाऱ्यांच्या हाती दोन गोष्टी असतात. मुलांच्या देखत आपण स्वतः कसे जगावे, ही पहिली. आणि दुसऱ्याच्या दुःखापासून मुलांना झाकून न ठेवता त्यांच्या हाती भाकरीचा एक तुकडा द्यावा, ही दुसरी. यापुढचे काम मुलांचे. ती नकार देतील, दूर जातील, कदाचित परत येतीलही. आणि आली तर वडिलांची वाट जशीच्या तशी न धरता आपल्या काळास लागणारी वाट काढतील. हॅरिएटबाईंच्या प्रार्थनेत मुलगे होते. त्यांच्या नातीने ज्या दारावर उत्तर दिले, त्या दारावर परक्यांच्या लेकीसुनांचे प्राण अडले होते.

हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, कोणत्याही घरास ही गोष्ट लागू आहे. प्रत्येक घरात पूर्वजांच्या दयेच्या, दानाच्या, सचोटीच्या कथा सांगितल्या जातात, आणि त्या सांगितल्या जाव्यातच. परंतु आजोबांनी केलेल्या अन्नदानाने नातवाच्या दारचा भुकेला जेवत नाही. पूर्वजांचे पुण्य ही ठेव नव्हे, ती उसनवारी आहे. प्रत्येक पिढीने स्वतःच्या कष्टाने ती फेडली तरच घराण्याची पत राहते. आणि ती फेड जेव्हा आपल्या वंशाबाहेरच्यांच्या हाती पोहोचते, तेव्हाच तिला खऱ्या अर्थाने वारसा म्हणता येते.